बारा एप्रिलची नोंद

सोमवार, १० मार्च १९७५. कलकत्ता. सकाळी सात, ऑपरेशन थिएटरबाहेरचा व्हरांडा.

हजर: मी, चाकांच्या खाटेवर, उजव्या खांद्यावर जांभळ्या औषधाचा पट्टा. नवरा, हातात एक्स-रेचं पाकीट. मुलगी, वय चौदा, शाळेच्या गणवेशात, कारण तिला तिथून परस्पर शाळेत जायचं होतं. आणि वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, आठवड्यापूर्वी साताऱ्याहून आलेली, हातात माझ्या घराच्या किल्ल्या.

गैरहजर: डॉक्टर. वीज गेली होती, लिफ्ट बंद होती आणि ते चार मजले चढून येत होते.

किल्ल्या मी दिल्या नव्हत्या. यांनी दिल्या होत्या, आदल्या संध्याकाळी, मला न विचारता. बावीस वर्षांच्या संसारात आणि नऊ बदल्यांत माझ्या घराच्या किल्ल्या दुसऱ्या बाईच्या हातात मी कधी पाहिल्या नव्हत्या. भुलीचं इंजेक्शन देण्यापूर्वी नर्सने विचारलं की भीती वाटते का, तेव्हा मी त्या किल्ल्यांकडेच बघत होते. भीती नाही, राग आहे, असं हिंदीत सांगितलं. तिने ते लिहून घेतलं नाही.

माझ्या खांद्याचा इतिहास मी एका वहीत लिहून ठेवला होता. तो असा:

१. जून १९७३. बालीगंजच्या या फ्लॅटमध्ये सामान लावताना. ट्रंक क्रमांक चार माळ्यावर चढवताना घसरली. मी कडी सोडली नाही. खांदा निखळला.

२. नोव्हेंबर १९७३. सियालदहला लोकलमधून उतरताना. दांडी धरलेली, मागून लोंढा आला. खांदा निखळला.

३. ऑगस्ट १९७४. ओली चादर वाळत टाकताना. निखळला.

४. जानेवारी १९७५. अंबाडा घालताना. निखळला.

पहिल्या तीन वेळा जवळच्या दवाखान्यात हात ओढून बसवला, आठ दिवस झोळीत ठेवला आणि सोडून दिला. चौथ्या वेळेस मात्र मी हटून बसले. वजन उचलताना खांदा निखळला तर वजन उचलायचं नाही, गर्दीत निखळला तर गर्दीत जायचं नाही, इथपर्यंत ठीक होतं. अंबाडा घालताना निखळतो, तर मग जगायचं कसं ते कोणीतरी सांगावं.

डॉक्टर बंगाली होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी एक्स-रे बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, यात हाड दिसतं, बिघाड हाडात नाही. मग माझी वही मागून घेतली आणि ती मात्र दोनदा वाचली. खांद्याची वाटी उथळ असते, तिच्या काठाला कूर्चेची मऊ कड असते, ती कड हाताच्या हाडाचा गोळा जागेवर धरते, तुमची ती फाटली आहे, असं त्यांनी समजावलं. मला काही कळत नाही असं वाटून त्यांनी प्रेशर कुकरची उपमा दिली. रिंग फाटली की झाकण बसत नाही, तसं. मला आधीच कळलं होतं, पण उपमा चांगली होती म्हणून लिहून घेतली.

नवीन रिंग बसवता येईल का, असं मी विचारलं. नाही, म्हणाले. जी फाटली आहे तीच हाडाला परत शिवायची. ती धरायला सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस हात अंगाशी बांधलेला राहील. त्याच्या आत हात वर गेला किंवा बाहेर फिरला तर टाके कातरतील आणि दुसऱ्यांदा शिवायला तिथे काही उरणार नाही. पट्टी मी सोडणार, दुसऱ्या कोणी नाही, असं डॉक्टर म्हणाले. तारीख एकवीस एप्रिल. मी ती लाल पेन्सिलीने लिहिली. बाकी रुग्णांनी तुमच्यासारखी वही ठेवली तर माझं अर्धं काम होईल, असंही ते म्हणाले. वन्सं तेव्हा शेजारी बसल्या होत्या. त्यांना हिंदी समजत होतं. त्या म्हणाल्या, "वही ठेवायला हात चांगला चालतो की."

आता वन्सं. यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा यांना त्यांनीच वाढवलं. लग्न केलं नाही. साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. हे त्यांना अक्का म्हणतात आणि अक्काने सांगितलेलं काहीही यांना आदेशासारखं ऐकू येतं. त्यांना बोलवा असं मी म्हटलं नव्हतं. मी दोन महिन्यांची योजना करून ठेवली होती: स्वयंपाकाला शेजारच्या इमारतीतली बाई, दळण आणि बाजार मुलीकडे, कपडे धोब्याकडे. योजना फळीवर चिकटवलेली होती. यांनी ती वाचली आणि साताऱ्याला तार केली.

दवाखान्यात मी बारा दिवस होते. तेराव्या दिवशी घरी आले तर स्वयंपाकघर ओळखू येईना. डब्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या गरम पाण्याने काढून टाकल्या होत्या. डबे माझ्या अक्षरक्रमाने नव्हते, फोडणीला जे आधी लागतं ते आधी, अशा ओळीत होते. "चिठ्ठ्या वाचून स्वयंपाक करणारी बाई मी तुझ्या रूपाने पहिल्यांदा पाहिली," वन्सं म्हणाल्या. ती मांडणी माझ्यापेक्षा सोयीची होती. म्हणून मला जास्त राग आला.

पण डब्यांचं काय, ते परत लावता आले असते. मला तिथपर्यंत जाऊच देत नव्हत्या. माझी पट्टी खांद्यापासून कमरेपर्यंत होती. कापूस, त्यावर रुंद पट्टी, त्यावर चिकटपट्टी. उजवा हात छातीवर आडवा, तळवा डाव्या खांद्याजवळ. डोक्यावरून आंघोळ शक्य नव्हती. मुलगी ओल्या फडक्याने पुसून द्यायची तेवढंच. वन्सं सोवळ्याच्या. ज्या बाईच्या अंगावर बारा दिवसांची न धुतलेली पट्टी आहे ती पारोशी, आणि पारोशा बाईने चुलीशी, देवाशी आणि पिण्याच्या पाण्याशी जायचं नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक पाट आडवा ठेवला. पाटाच्या अलीकडे मी, पलीकडे माझं घर. माझं पाणी वेगळ्या पेल्यात पाटावर येई. मुलीला त्याची गंमत वाटायची. ती पाटाला बॉर्डर म्हणायची आणि पासपोर्ट आहे का असं मला विचारायची. चार वर्षांपूर्वी या शहरात सीमेपलीकडून आलेल्या माणसांचे लोंढे लोकांनी पाहिले होते, तेव्हा मुलांच्या तोंडी हे शब्द होते. मी हसले नाही.

हे काय म्हणाले? हे म्हणाले, थोडे दिवस अक्काच्या कलाने घे.

रोज सकाळी साडेसहाला मला स्टुलावर बसावं लागे. केस माझे कमरेखाली होते, दाट, आणि एका हाताने विंचरता येत नव्हते. वन्सं मागे उभ्या राहात. खोबरेल तेल, लाकडी फणी. चाळीस वर्षं मुलींच्या वेण्या तपासलेला हात. गुंता लागला की फणी थांबत नसे. मान सरळ, एवढंच बोलत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असे आणि एकवीस एप्रिलपर्यंतचे दिवस मोजत असे. ज्या माणसाशी आपण बोलू इच्छित नाही, त्याच्या हातात रोज वीस मिनिटं आपलं डोकं द्यायचं, हा प्रकार ज्यांनी अनुभवला नाही त्यांना सांगून कळणार नाही.

मार्चच्या शेवटी एका सकाळी मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं की साताऱ्याचं घर इतके दिवस बंद ठेवून चालेल का. फणी थांबली.

"ज्या दिवशी तू आपला अंबाडा आपण घालशील," वन्सं म्हणाल्या, "त्या दिवशी माझं तिकीट काढ. त्याआधी मला जाण्याचं विचारू नकोस."

हे दाढी करत होते. आरशातूनच हसले आणि ठरलं म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला. मला ती अट वाटली आणि मी ती वहीत लिहिली. डाव्या हाताने, वेडंवाकडं, पण लिहिली. म्हणजे आता खांदा बरा होण्याचा अर्थ एकच उरला होता. दोन्ही हात डोक्यामागे जातील, केसांना पीळ बसेल, आणि माझं घर मला परत मिळेल.

पाडवा त्या वर्षी बारा एप्रिलला होता, शनिवारी. म्हणजे पट्टी सुटायच्या नऊ दिवस आधी.

आमच्या घरी गुढी मी उभारते. यांच्या नोकरीत सकाळी हे घरी असतील याचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्या वर्षापासूनच ते माझ्याकडे आलं. जबलपूरला खिडकीच्या गजाला, झाशीला अंगणातल्या नळाला, कटकला गच्चीच्या कठड्याला. बावीस पाडवे, एकही चुकला नाही. कलकत्त्यात कळक मिळत नाही असं नाही, पण मी मच्छरदाणीची काठी वापरते. मापात असते. साखरेच्या गाठी इथे कुणाला माहीत नाहीत, तेव्हा बत्तासे दोऱ्यात ओवते. काठी, जरीचं वस्त्र, तांब्याचा गडू आणि दोरा, सगळं ट्रंक क्रमांक चारमध्ये असतं. झाकणाच्या आत यादी चिकटवलेली आहे. वस्त्र, यादीत अकरावं.

आदल्या दिवशी यांनी जाहीर केलं की उद्या सकाळी बजबजला तेलाच्या डेपोत जायचं आहे, पहिली लोकल धरणार, संध्याकाळी परत. गुढी या वर्षी अक्का उभारेल. वन्सं मान हलवून बरं म्हणाल्या. माझ्याकडे कोणीही बघितलं नाही. बघितलं असतं तरी मी काही बोलले नसते. मी ठरवत होते.

सकाळी हे गेले. सव्वासातला वन्सं कडुनिंब आणि आंब्याची पानं आणायला बाजारात गेल्या. चालत जाऊन चालत येणार, म्हणजे पाऊण तास. मी मुलीला उठवलं आणि कात्री आणायला सांगितलं.

"आई, डॉक्टर बकतील," ती म्हणाली. बंगालीत रागावण्याला तसं म्हणतात आणि तिचं निम्मं मराठी तसंच होतं.

"डॉक्टरांना कोण सांगणार आहे?"

"आणि आत्या?"

"आत्याला आंघोळ झालेली बाई हवी आहे. देऊ या."

पट्टी सुटली तेव्हा आतून असा वास आला की मुलीने तोंड फिरवलं. काखेत घामोळ्यांचं रान. पण हात दुखत नव्हता. अंगाशी आपण होऊन टेकून राहिला होता, झोपलेल्या मुलासारखा. मी कोपर बरगडीला दाबून धरलं आणि मुलीने डोक्यावरून पाणी घातलं. तेहतीस दिवसांनी. त्या पाण्याचं सुख मी नाकारणार नाही. मग पाट उचलून भिंतीला लावला आणि स्वयंपाकघरात गेले. देवाला हळदकुंकू वाहिलं. पिण्याच्या पाण्याच्या माठात डावा हात घालून पेला भरला आणि तिथेच उभ्याने प्याले.

इथे थांबले असते तरी चाललं असतं.

ट्रंक क्रमांक चार आता माळ्यावर नव्हती, पलंगाखाली होती. उघडली. काठी होती, गडू होता. वस्त्र नव्हतं. यादीत अकरावं, आणि ट्रंकेत नाही. मुलगी म्हणाली की आत्याने सगळ्या ट्रंका उन्हाला घातल्या होत्या आणि जरीचं ते आपल्या पिशवीत ठेवलं, पाडव्याला हाताशी असावं म्हणून. पिशवीत होतंच. नीट घडी, मध्ये कडुनिंबाची वाळकी पानं, कसर लागू नये म्हणून. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?

काठीला वस्त्र बांधलं, बत्ताशांची माळ घातली, वर गडू पालथा घातला. मुलगी काठी धरत होती. बाल्कनीच्या गजाला दोरा बांधायचा होता, दोन ठिकाणी, खालचा कमरेशी आणि वरचा डोक्याच्या वर. खालचा डाव्या हाताने आणि दाताने बांधला. वरचा एका हाताने बांधता येत नाही. मुलगी म्हणत होती मी बांधते. मी नको म्हटलं. काठी थोडी कलली आणि माझा उजवा हात आपण होऊन वर गेला.

तो आवाज मला माहीत होता. चार वेळा ऐकला होता. या वेळी तो पूर्ण झाला नाही, अर्ध्यात अडकला.

गडू दोन मजले खाली गेला. फाटकातून आत येत असलेल्या वन्सं आवाजाने थांबल्या. त्यांनी आधी गडूकडे आणि मग वर बघितलं. मी त्यांना दिसले असेन: ओले केस, सुटा हात, वाकडी गुढी.

त्या किती वेळात वर आल्या ते मला सांगता येत नाही. साठी ओलांडलेली बाई आणि चाळीस पायऱ्या.  माझं कोपर दोन्ही हातांनी धरून अंगाशी आणलं, मुलीला धर इथे म्हणाल्या, काठीवरचं जरीचं वस्त्र ओढून काढलं आणि माझा हात छातीशी आवळून बांधला, पाठीमागून दोन वेढे, गाठ पुढे. मुलींच्या शाळेत प्रथमोपचार शिकवलेला असावा. टॅक्सी मिळाली. सगळ्या रस्त्याभर त्यांनी माझं कोपर सोडलं नाही आणि माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पिशवीतल्या कडुनिंबाचा वास येत होता.

डॉक्टरांनी वस्त्र सोडलं आणि कोणी बांधलं ते विचारलं. चांगलं बांधलं आहे, म्हणाले. खांदा पूर्ण निखळला नव्हता, काठावर येऊन अडला होता. त्यांनी तो आत ढकलला. टाके गेले की राहिले ते बाहेरून सांगता येणार नाही. परत उघडण्यात अर्थ नाही. आजपासून परत सहा आठवडे, एकही दिवस कमी नाही. धरलं तर धरलं. पण इतके दिवस बांधलेला खांदा आखडतो आणि तो किती आखडेल ते आता तुमच्या हातात नाही. मग विचारलं, पट्टी कुणी सोडली?

मी वेदनेने बोलू शकत नाही असं दाखवलं. वन्संनी खिडकीबाहेर बघितलं. पुढच्या खेपेला वही आणा, एवढं म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

संध्याकाळी, हे बजबजहून यायच्या आधी, मी वही काढली. डाव्या हाताने एक ओळ लिहायला मला पाच मिनिटं लागत. त्यामुळे चुकून लिहिली असं म्हणता येणार नाही. ओळ अशी आहे: "५. १२ एप्रिल १९७५. पाडव्याच्या आंघोळीसाठी वन्संनी पट्टी सोडायला लावली. अर्धवट निखळला."

सोडायला लावली. शब्द निवडून घातला होता. पाट त्यांनीच ठेवला होता, पारोशी त्यांनीच म्हटलं होतं, तेव्हा हे खोटं नाही, असं मी स्वतःला समजावलं. त्या घरात नव्हत्या, हे मात्र ओळीत नाही. कात्री मी मागवली, तेही नाही.

यांनी वही वाचली. माझ्या वहीवर यांचा बायकोपेक्षा जास्त विश्वास. सगळा मजकूर वाचून झाल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि जन्मात पहिल्यांदा अक्काशी आवाज चढवून बोलले. बरंच बोलले. सोवळं, हट्ट, दुसऱ्याच्या घरात येऊन राज्य करणं. शेवटचं वाक्य मला बाहेर स्पष्ट ऐकू आलं.

"अक्का, तू तिचा हात घालवलास."

 आतून पळीचा आवाज येत होता, तो थांबला आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला अभ्यासाला बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वन्सं फणी घेऊन आल्या. मी समजत होते की येणार नाहीत. तेल लावलं, गुंता काढला, पीळ घातला. वही स्टुलाशेजारी होती. त्यांनी ती उघडून उभ्यानेच वाचली. मी पुढे बघत राहिले. मग वही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"लिहिलंस ते लिहिलंस," त्या म्हणाल्या. "आता खोडू नकोस. वही घाण दिसेल."

त्यानंतर सहा आठवडे त्या रोज माझे केस विंचरत राहिल्या आणि आमच्यात मान सरळ याखेरीज बोलणं झालं नाही. पाट काढून टाकला होता. मी स्वयंपाकघरात जाऊ शकत होते. गेले नाही. हे जेवायला बसले की ताटाकडे बघून जेवत. अक्का वाढायला आली तर हात आडवा करत. मुलगी एकदा मला म्हणाली, "आई, तू भारी वाईट आहेस." मी तिला मराठी तरी नीट बोल म्हटलं.

मेच्या चोवीस तारखेला पट्टी सुटली. आता व्यायाम. कमरेत वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवणं, मग भिंतीवर बोटांनी चढणं. भिंतीवर मी रोज पेन्सिलीने खूण करत असे आणि शेजारी तारीख. पहिल्या दिवशी कमरेच्या वर चार बोटं. जूनच्या मध्याला खांद्याशी. जुलैत कानाशी. खांदा पक्का बसला होता, टाके धरले होते, हे डॉक्टरांनी दाबून, फिरवून, खात्री करून सांगितलं. परत निखळणार नाही. पण कानाशी आलेला हात तिथून मागे वळेना. पुढे जाईल, वर जाईल, डोक्यामागे नाही. ऑगस्टपर्यंत मी रोज दोनदा प्रयत्न केला. भिंतीवरच्या खुणा एकाच रेघेवर जमू लागल्या, तेव्हा मी पेन्सिल ठेवून दिली. डॉक्टर म्हणाले, ही तुमच्या पाचव्या नोंदीची किंमत आहे. त्यांनी वही वाचली होती.

म्हणजे अंबाडा नाही. आणि अंबाडा नाही म्हणजे तिकीट नाही. वन्सं अट पाळणाऱ्या होत्या. न बोलता, न कुरकुरता, त्या उरलेलं आयुष्य माझ्या मागे फणी घेऊन उभ्या राहिल्या असत्या. याची मला खात्री होती आणि ते मला सहन होणारं नव्हतं. त्या ओरडल्या असत्या तर एक वेळ मी त्यांना ठेवून घेतलं असतं.

एका बुधवारी दुपारी मी ट्रॅमने गेले आणि एका चिनी बाईच्या दुकानात केस कापून आले. मानेपर्यंत. तिने दोनदा विचारलं, खुणेने, नक्की का? मी दोनदा हो म्हटलं. कापलेले केस ती कागदात गुंडाळून देत होती, मी घेतले नाहीत. घरी आले तेव्हा वन्सं गहू निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं. ज्या पिढीने केस फक्त एकाच कारणासाठी उतरवलेले पाहिले, त्या पिढीची बाई. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला हवं होतं तेच होतं.

मी म्हटलं, "आता अंबाडाच नाही. तिकीट काढते."

त्यांनी सूप खाली ठेवलं. बराच वेळ माझ्या मानेकडे बघितलं आणि मग म्हणाल्या, "मागून वाकडे कापलेत."

चौथ्या दिवशी हावड्याहून गाडी होती. हे सोडायला गेले, पण पाया पडले नाहीत. हे मला मुलीने सांगितलं. जाण्यापूर्वी वन्संनी डबे माझ्या अक्षरक्रमाने लावले होते. चिठ्ठ्या त्यांच्या अक्षरात, मुख्याध्यापिकेचं अक्षर, एकही काना चुकलेला नाही. त्या चिठ्ठ्या मी अजून काढलेल्या नाहीत. वाचायला सोप्या आहेत.

आज १९७९चा जुलै आहे. दहाव्या बदलीचा हुकूम आला आहे, दिल्लीला. चार वर्षांत हे भाऊबीजेला साताऱ्याला गेले नाहीत. एकदाही नाही. वन्संची पोस्टकार्डं येतात, मुलीच्या नावाने. मुलगी आता कॉलेजात आहे. ती तिच्या मोडक्या मराठीत उत्तरं लिहिते आणि कधी कधी माझ्यासमोर ठेवते, शुद्धलेखन बघायला. शेवटच्या कार्डात होतं की डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि पुढच्या वेळी अक्षर मोठं काढ. मुलीने ते यांना वाचून दाखवलं. हे ऐकून उठले आणि बाल्कनीत गेले. मग मुलगी मला म्हणाली, "आई, ती ओळ?" वर्षातून दोन-तीनदा विचारते. फक्त एवढंच विचारते.

बदलीची यादी मी केली आहे. सव्वीस कामं. गॅसची नोंदणी, शाळेचे जुने दाखले, रेशनकार्ड, ट्रंकांच्या झाकणातल्या याद्या नव्याने लिहिणं. पंचविसांपुढे खूण झाली आहे. सव्विसावं असं लिहिलं आहे: बारा एप्रिलची नोंद दुरुस्त करून यांना दाखवणे. गेल्या दिवाळीच्या यादीतही ते होतं. त्याआधीच्याही.

वही माझ्यापुढे उघडी आहे, पेन भरलेलं आहे. पलीकडच्या खोलीत हे ट्रंक क्रमांक चार बांधताहेत आणि वही तिच्यात टाकायची का असं विचारताहेत. थांबा, असं मी सांगितलं आहे.